जबरदस्तीचे सेवक

साऱ्या कुरखेडा तालुक्यात लोक वाघाला भीत नसत तितके आमच्या घरमालकांना भीत. वाघाचं एक बरं असतं, पोट भरलेलं असलं की तो माणसाकडे ढुंकूनही पाहत नाही. आमच्या घरमालकांचं पोट कधी भरतच नसे. समोर आलेल्या माणसाची काही ना काही सेवा केल्याशिवाय ते त्याला सोडत नसत. डोक्यावर धानाचं पोतं घेऊन येणारा गडी त्यांना लांबून पाहिलं की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीने चक्कर मारून घरी जाई, कारण समोरून गेला तर पोतं त्यांच्या डोक्यावर आणि हा मोकळ्या हाताने मागे मागे, अशी वरात साऱ्या गावाने पाहिली असती. त्यांच्या ओसरीसमोरून जाताना लोक खोकला दाबून धरत. चुकून खोकललंच तर अडुळशाचा काढा घेऊन ते घरापर्यंत पाठलाग करत, आणि तो काढा इतका कडू असे की खोकला परवडला. एस. टी.चा एक कंडक्टर तर त्यांना स्टँडवर पाहताच दोन्ही हात पसरून शिडीसमोर उभा राही, नाही तर सत्तरीला टेकलेला हा म्हातारा टपावर चढून उतारूंचं सामान लावू लागलाच समजा.

चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली कुरखेड्याच्या शाळेत झाली. आम्ही मूळचे उमरेडकडचे. आमच्या खात्यात या भागातली बदली ही बदली नसून शिक्षा समजली जाई, त्यामुळे मी आणि माझी बायको विमल, दोघेही तुरुंगात निघाल्यासारखे तोंड करून बसमधून उतरलो. उतरताच एका उंच, काटकुळ्या म्हाताऱ्याने माझ्या हातातली पेटी हिसकावली आणि डोक्यावर घेतली. अंगात पांढरी बंडी, खाली धोतर, खांद्यावर दुपट्टा, आणि सगळ्या अंगाला फिनाइलचा वास. मी त्याला हमाल समजलो आणि पत्ता सांगितला. वाटेत नव्या जागेचा अंदाज घ्यावा म्हणून हळूच विचारलं, "काहो भाऊ, हा घरमालक कसा आहे? तरासाचा त नाही ना?"

"लय तरासाचा मानूस आहे जी," म्हातारा पेटीखालून म्हणाला. "आधीचा किरायादार सहा महिन्यात पळाला."

"काऊन?"

"दम नाई निघाला त्याचा."

घर आलं. कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, मातीच्या जाड भिंती, मधोमध पडदी घालून केलेले दोन भाग. म्हाताऱ्याने पेटी आत ठेवली, अंगण झाडलं, विमलच्या पायांवर पाणी घालायला गरम पाण्याचं घंगाळ आणलं, आतल्या चुलीवर काळा चहा केला, आमचे दोघांचे कप हातात दिले आणि मग हात जोडून म्हणाला, "तो मीच जी." मला चहाचा ठसका लागला. ठसका लागल्याबरोबर ते काढा आणायला धावले.

ते ख्रिस्ती होते. मिशनच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर म्हणून त्यांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन ते बापाच्या या घरात आले तेव्हा त्यांचे हात रिकामे झाले, आणि सगळी अडचण तिथून सुरू झाली. सारं गाव त्यांना काकाजी म्हणे. तीस वर्षांची सवय अंगात, आणि गावात धुवायला पुरेशा जखमा नाहीत. मग ते जे दिसेल ते धुवत सुटले.

पहिली धडक आमच्या भांड्यांवर बसली. रात्रीची खरकटी भांडी विमल मागच्या मोरीवर ठेवी आणि सकाळी घाशी. पहिल्या सकाळी ती उठून पाहते तर भांडी राखेने घासून, उपडी मांडून, चकचकीत. तिला वाटलं मी घासली. लग्नाला सहा वर्षं झाली असूनही तिला असं वाटावं, याचा मला तेवढ्यापुरता अभिमान वाटला आणि मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने काकाजींना रंगेहाथ पकडलं. "काकाजी, काय करून राह्यले हे? लोक माह्या तोंडात शेण घालतीन! घरमालकाकडून खरकटं काढून घेते म्हनतीन!" त्यावर हातातली परात न ठेवता काकाजी म्हणाले, "लोकायले काम नाई बाई, मले आहे." विमल पाचला उठू लागली, ते साडेचारला. ती साडेचारला, ते चारला. पुढे तिने रात्री झोपण्यापूर्वीच भांडी घासायला सुरुवात केली, तर सकाळी ते ती घासलेली भांडी पुन्हा घासून ठेवत आणि वर सांगत, "तव्याच्या तळाले काळं राह्यलं होतं." शेवटी तह झाला. भांडी विमलची, हापशीचं पाणी त्यांचं. तहाच्या वेळी त्यांनी तिला आपल्या प्रभूची गोष्ट सांगितली. मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रभू कमरेला रुमाल बांधून खाली बसला आणि त्याने शिष्यांचे पाय धुतले. एक शिष्य मोठा हट्टी होता, माझे पाय तुला धुऊ देणार नाही म्हणून अडून बसला. शेवटी त्यालाही पाय पुढे करावेच लागले. "मालकानं धुतले, मंग आपली काय बिशाद जी," असं म्हणून काकाजींनी तहाचा फायदा घेत विमलच्या हातातला झाडूही काढून घेतला. ही गोष्ट पुढे चार वर्षांत आम्ही इतक्या वेळा ऐकली की त्या हट्टी शिष्याबद्दल मला मनातून फार आपुलकी वाटू लागली.

कारण त्यांची नम्रता मऊ नव्हती. नको म्हटलं की ते चिडत. नम्रतेत एवढा ताठा मी दुसरीकडे पाहिला नाही. माझी चप्पल त्यांनी शिवायची आणि मी घालायची. शिवण पायाला बोचते असं म्हणायची सोय नव्हती. आमचं घर बाबासाहेबांच्या धम्मातलं, मी तर वर विज्ञानाचा मास्तर. संध्याकाळी ओसरीवर आमचे वाद होत. मी त्यांना सांगे, काकाजी, सगळं अनित्य आहे. ते म्हणत, गुरुजी, आत्मा कायम आहे. वादात कोण जिंकलं ते कधी कळलं नाही, कारण बोलता बोलता ते माझ्या सायकलची चेन साफ करत असत आणि ज्याच्या सायकलची चेन साफ होत आहे त्याला फार जोरात वाद घालता येत नाही.

मरणाशी तर त्यांची जुनी ओळख होती. वडशाच्या रेल्वेगाडीबद्दल बोलावं तसं ते मरणाबद्दल बोलत, उशिरा येईल पण येईल, तिची कशाला काळजी करायची. मी इथेच सांगून टाकतो की मी मरणाला भितो. नुसता शब्द काढला तरी माझ्या छातीत कळ येते. कुरखेड्याला तर भिण्याजोगं पुष्कळ होतं, हिवताप होता, कौलातून पडणारे मण्यार होते. एकदा न्हाणीत मण्यार निघाला तेव्हा मी बाजेवर उभा राहून बायकोला 'भिऊ नको' म्हणत होतो आणि काकाजी त्याला काठीवर घेऊन, एखाद्या चुकलेल्या पोराला घरी पोचवावं तसे बोडीकडे निघाले होते. "काकाजी, चावला म्हंजे?" मी वरूनच ओरडलो. "चावला त चावला. मराचं भेव त मालकानं कवाच काढून घेतलं जी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी मालक म्हणजे प्रभू. मला स्वतःबद्दल फार वाईट वाटलं, पण मी बाजेवरून उतरलो नाही.

आजाऱ्यांना भेटायला जाण्याची त्यांची पद्धत तर विचारू नका. डॉक्टरांनी धीर द्यावा, नातेवाइकांनी धीर द्यावा, आणि यांनी उशाशी बसून हात हातात घेऊन प्रेमाने म्हणावं, "हे पा भाऊ, जाचं असन त आरामात जा. मांगचं आमी पाहून घेऊ." या वाक्याने निदान चार-पाच माणसं निव्वळ रागाच्या भरात उठून बसली, हे मी स्वतः पाहिलं आहे. शाळेच्या संमेलनात मी एक नाटक बसवलं होतं. दुपारच्या उन्हात, मंडपात, शेवटच्या अंकात नायक जखमी होऊन पडतो आणि आईला, गुरूला, गावाला, देशाला उद्देशून भाषण करतो. पोरगं छान करत होतं, बाया डोळे पुसत होत्या. भाषण देशापर्यंत आलं तेव्हा पहिल्या रांगेतून काकाजी उठले आणि विंगेत माझ्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, त्याले आवरा. मरनारा मानूस एवढा बोलत नाई. मायले हाक मारते, बस." ते हळू बोलले असं त्यांना वाटत होतं. पडदा पाडावा लागला.

पण गावाने त्यांची खरी दहशत घेतली ती रेंजरसाहेबांच्या प्रकरणानंतर. हे आमच्या समोर राहणारे निवृत्त वनाधिकारी. मिशा मोठ्या, आवाज मोठा, तरुणपणी नुसत्या काठीने वाघ हाकलल्याच्या तीन निरनिराळ्या हकिगती. शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी काकाजी दरसाल पाय धुण्याचा नेम करत. मिशनच्या देवळात हे काम पाळक करतो. कुरखेड्यात तसं देऊळ नव्हतं आणि ख्रिस्ती घरं चार, म्हणून काकाजींनी ते आपल्या अंगावर घेतलं. घंगाळ, किटलीत कोमट पाणी, खांद्यावर टॉवेल, असे ते घरोघर फिरत. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने धाकट्याच्या पायाला हात लावला तर धाकट्याला पाप लागतं, त्यामुळे त्या दिवशी सगळी आळी दारं लावून बसे. त्यातून आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दवाखान्यात ज्या रोग्याची वेळ जवळ आली त्याचे पाय काकाजी कोमट पाण्याने धुवत, टॉवेलने टिपत आणि मग चादर नीट करत. तेव्हा लोकांनी आपला हिशेब केलेलाच होता, काकाजींनी पाय धुतले म्हणजे काय ते समजून जायचं.

त्या गुरुवारी दुपारी रेंजरसाहेब ओसरीत खाटेवर, पाय बाहेर काढून, घोरत पडले होते. जाग आली तेव्हा दोन्ही पाय घंगाळात होते आणि काकाजी डाव्या पायाची टाच चोळत होते. "झालं जी साहेब," ते टॉवेलने पाय टिपत म्हणाले, "आता काई चिंता नाई." रेंजरसाहेब त्या खाटेवरून जे आत गेले ते अंथरुणातच शिरले. जेवण सोडलं. बायकोला किल्ल्या कुठे आहेत ते दाखवलं. शेताच्या धुऱ्यावरून ज्या भावाशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं त्याला बोलावून गळ्यात गळा घालून रडले आणि वादातला बांध त्याला देऊन टाकला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी साहेबांना सपाटून भूक लागली. आपण जिवंत आहोत हे ध्यानात येताच ते ताडकन उठले आणि मिशा थरथरवत आमच्या अंगणात येऊन काकाजींना वाटेल ते बोलले. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि आनंदाने म्हणाले, "बरोबर आहे जी. आमच्यात आजच्या रविवारी असंच होते, मेलेला उठते." पुढे दोन महिने रेंजरसाहेब पायात बूट घालून झोपत. बांध मात्र त्यांनी भावाकडून परत मागितला नाही.

देण्याचा हा असा धडाका, पण घेण्याच्या नावाने पूज्य. आम्ही चार वर्षं एका पडदीच्या दोन बाजूंना राहिलो, पण त्यांनी आमच्याकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही. विमलने वाटीभर भाजी पाठवली की वाटी भरून काहीतरी लगेच परत येई, मग ती भाजी दिल्याचं समाधान काही टिकत नसे. एकदा त्यांच्या उजव्या हाताच्या बोटात पू झाला, तो त्यांनी डाव्या हाताने ब्लेडने कापून काढला आणि पट्टी दातांनी बांधली. हिवतापाने हुडहुडी भरली तेव्हा दात वाजल्याचा आवाज पडदीतून आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून ते मागच्या गोठ्यात जाऊन निजले. मी रागावलो तर म्हणाले, "तुमाले काऊन तरास?" तेव्हा मला हे त्यांचं मोठेपण वाटलं होतं. मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगतही असे.

चौथ्या वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, नीट बसवून घ्यायचे दिवस आले. आमच्या बाजूचं छप्पर फेरायला मी पुढच्या आठवड्यात दोन गडी सांगून ठेवले होते. काकाजींना ते कळलं, म्हणून रविवारी सकाळी ते आधीच वर चढले. एक बांबू आतून किडलेला होता. मोठा आवाज झाला आणि आम्ही बाहेर धावलो तर काकाजी अंगणात, विमलने वाळत घातलेल्या मुंगवड्यांच्या लुगड्यावर आडवे. "वड्या तुडवल्या ना जी बाई," एवढं ते बोलले आणि मग बेशुद्ध झाले. जीपने ब्रह्मपुरीला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात जुळलं तर जुळलं, पण तीन-चार महिने खाटेवरून हलायचं नाही. पाय वाळूच्या पिशव्यांच्या मधे बांधून त्यांना घरी आणलं. आता त्यांचं सगळं खाटेवरच करायचं होतं. मिशनमधले त्यांच्या वेळचे लोक पांगले होते, जवळचं नातेवाईक कोणी नव्हतं. विमल म्हणाली, आपण आहोत. मीही म्हणालो, आपण आहोत, आणि सरकारी दवाखान्यातून आणलेला तो पांढरा पॉट पाहून मनातून टरकलो.

माझ्या टरकण्याचं कारणच पडलं नाही. काकाजींनी जेवणच सोडलं. पहिल्या दिवशी म्हणाले, भूक नाई. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तोंडाले चव नाई. पेज नेऊन ठेवली की वाडगं रिकामं दिसे, पण घरातलं मांजर गुबगुबीत होत चाललं होतं. पाणी घोटभर घेत, तेही आम्ही समोर उभे राहिलो तर. मेच्या त्या उन्हात पाचव्या दिवशी त्यांची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन पाहून गेले आणि दारात मला म्हणाले, "हाडानं मरत नाहीत हे. पाण्यावाचून मरतील. दोन-तीन दिवस."

मी त्यांच्याजवळ बसलो. "काकाजी, काऊन असं करून राह्यले?"

"आता बस झालं जी," ते म्हणाले. "बोलावनं आलं. मले काई भेव नाई. मालकाच्या घरी जागा तयार आहे. तुमी दुःख नका करू." ते इतक्या शांतपणे, इतकं सुरेख बोलले की माझे डोळे भरून आले. असा निर्भय माणूस आपण पाहिला, आपलं भाग्य, असं काहीतरी मनात घोळवत मी बाहेर आलो आणि विमलला सांगितलं की काकाजींनी ठरवलं आहे, त्यांना शांतपणे जाऊ द्यावं.

विमल तांदूळ निवडत होती. "बोलावनं-गिलावनं काई नाई," ती म्हणाली. "पॉटची लाज आहे त्यायले. खाल्लं-पेलं त पॉट लागन, म्हनून खाऊन नाई राह्यले." आणि सूप बाजूला ठेवून ती आत गेली. मी मागे मागे.

"काकाजी," ती खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "तीस वर्सं तुमी लोकायच्या जखमा धुतल्या. बोटं झडलेले लोक. त्यायले लाज नोती वाटत?"

काकाजी छपराकडे पाहत होते. "वाटे ना बाई. पयल्या दिवशी त तोंड भिताडाकडे करून घेत. रडत."

"मंग तुमी काय म्हनत?"

"मी म्हनो, भाऊ, लाज ठेव बाजूले. उपकार नाई करून राह्यलो, माह्यं काम आहे."

"अन् ते ऐकत?"

"ऐकत."

"म्हंजे ते तुमच्याहून मोठे होते," विमल म्हणाली. "तुमाले मरन चालते, पन कोनाच्या हातून धुऊन घेनं नाई चालत. तुमचा तो शिष्य अडून बसला होता, त्यानं शेवटी पाय पुढे केले न? मंग तुमची पत त्याच्याहून वर आहे का?"

मी पडदीला धरून उभा होतो. ज्या माणसाला मरणाची भीती नाही त्याला धाक घालायला काहीच उरत नाही असं मला वाटत होतं, आणि माझ्या बायकोने नेमकी जागा शोधून काढली होती. काकाजींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे वाहत होतं आणि ते पुसायला हात वर करण्याचंही त्यांना भान नव्हतं. विमल जायला वळली तेव्हा ते म्हणाले, "बाई, पानी देता थोडं?"

चार वर्षांत त्यांनी आमच्याजवळ मागितलेली ही पहिली वस्तू. विमलने लोटाभर पाणी दिलं, ते सगळं काकाजी प्यायले, वर वाडगंभर पेज. आणि दोन तासांनी, चोर शिरल्यासारखी, पलीकडून हाक आली, "गुरुजी!" मी पॉट घेऊन गेलो. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, मी दुसऱ्या भिंतीकडे केलं, आणि मधल्या मधे ते काम जसं व्हायचं तसंच झालं. चादर बदलावी लागली. पण ते हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच हसले.

पुढे त्यांनी सेवा करून घ्यायला सुरुवात केली आणि आम्हाला कळलं की हे प्रकरण आधीपेक्षाही जड आहे. तीस वर्षांचा ड्रेसर खाटेवर आणि आम्ही दोघे शिकाऊ. "गुरुजी, मानूस कुशीवर घेताना आपला गुडघा खाटेले टेकवाचा, कंबर नाई मोडाची." "चादरीले सुरकुती पडली पाठीखाली, काढा." "असं नाई, पुसून नाई, टिपून." मी शाळेत पोरांवर इतकं ओरडलो नसेन. हळूहळू गावात बातमी पसरली आणि ज्यांच्या ज्यांच्यावर त्यांनी सेवा लादली होती ते सगळे सूड उगवायला आले. रेंजरसाहेब रोज सकाळी वाटी-वस्तरा घेऊन दाढी करायला येत, आणि गळ्यावर वस्तरा ठेवून म्हणत, "आता काही चिंता नाही." तो कंडक्टर वडशाहून मोसंबी आणून रस पाजी. बोडीच्या पाळीने पळणारे गडी पाळी लावून पाठ चोळायला येत. काकाजी डोळे मिटून सगळं सोसत. एकदा मला म्हणाले, "देनं सोपं आहे जी गुरुजी. घेनं कठीन. मले वाटे मीच मोठं काम करून राह्यलो."

हाड काही जुळलं नाही. पावसाळा गेला, धान कापणीला आलं, आणि ते खाटेवरच बारीक होत गेले. डिसेंबरात छाती भरली. एका दुपारी मधल्या सुट्टीत मी घरी आलो. विमल बाजारात गेली होती. काकाजींचा श्वास घरघरत होता, पण डोळे स्वच्छ होते. "गुरुजी, शाळा आहे का अजून?"

"आहे. दोन तास आहेत."

"आज नका जाऊ. बसा इथी."

मी दाराकडे पाहिलं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वेळी मी दाराबाहेर उभा राहिलो होतो. आतून त्यांनी दोनदा हाक मारली होती आणि मी आत गेलो नव्हतो. हे मी विमललाही कधी सांगितलं नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "भेव लागून राह्यलं का काकाजी?"

"नाई जी," ते थांबत थांबत म्हणाले. "मले बी असंच वाटे. दवाखान्यात मरनारे म्हनत, बसा. मले वाटे ह्यायले भेव लागते. म्हनून बसो अन् समजावत राहो. पन भेव नसन त्यायले. कोनी जवळ पायजे, बस एवढंच. उगाच बडबड केली मी एवढे वर्सं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी नका करू."

मास्तराला गप्प बसवणं सोपं नसतं, पण मी गप्प बसलो. त्यांचा हात हातात घेतला. फिनाइलचा वास आता गेला होता. बाहेर कोणाच्या तरी खळ्यावर धान झोडपत होते, तो आवाज येत होता. शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरं ओरडत रस्त्याने गेली, तेव्हा मी खाली पाहिलं तर काकाजी गेले होते. नेमके कोणत्या क्षणी ते मला सांगता येणार नाही. आणि त्या दोन तासांत आपल्याला एकदाही भीती वाटली नाही, हे मला उठताना समजलं.

मी अजूनही मरणाला भितो. आता काकाजींच्या वयाला पोचलो आहे, तरी रात्री छातीत जरा काही झालं की दिवा लावून बसतो, आणि विमल हसते. त्यांचा मालक माझा नाही, त्यांच्यासारखं भेव काढून टाकणारं मला कोणी भेटलं नाही. पण माझी वेळ आली की मी तोंड भिंतीकडे करणार नाही. जो कोणी जवळ असेल त्याला, न लाजता, इथे बस म्हणेन.